लिटरमागे शेहेचाळीस

दादाने आईच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली, आणि कारण काय, तर पेट्रोल. मला हे प्रयोगशाळेत फोनवर कळलं.

"आईला आता रस्ते आठवत नाहीत," तो म्हणाला. "कुठेतरी भरकटते आणि आपल्याला सांगत नाही. मी सिद्ध करू शकतो."

"सिद्ध?"

"हो, सिद्ध. तुझाच शब्द आहे. संध्याकाळी ये."

दादा विमा कंपनीसाठी सर्वेयर म्हणून काम करतो. अपघात झालेली गाडी बघायची, मालक काय सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि पत्रा काय सांगतो ते लिहायचं, हे त्याचं काम. इतकी वर्षं ते करून त्याचा माणसाच्या बोलण्यापेक्षा दारावरच्या पोच्यावर जास्त विश्वास बसायला लागला आहे. मी पाणी तपासते. माझाही विश्वास बाटलीवर असतो, बाटली आणून देणाऱ्यावर नसतो. त्यामुळे त्याला नावं ठेवायला मी फारशी लायक नाही, पण हे मला त्या संध्याकाळी सुचलं नाही.

आई खालच्या मजल्यावर राहते, दादा-वहिनी वर. मी पोचले तेव्हा आई तिच्या टेबलापाशी बसून गॉझच्या पट्ट्या कापत होती. तिने हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्यावर घरोघरी जाऊन ड्रेसिंग करायला सुरुवात केली. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीच्या जखमा, साखरेचा आजार असलेल्यांचे पाय, लघवीच्या नळ्या. ज्या गोष्टींपासून घरचे लोक तोंड फिरवतात, त्या सगळ्या. तिला सगळे सिस्टर म्हणतात. बाबा गेल्यावर त्यांची स्कूटर तिने चालवायला घेतली. दीडशे सीसीची, ना धड छोटी ना धड मोठी, वजनाला मात्र भरपूर. आई तिला म्हैस म्हणते.

दादा उभा राहूनच बोलत होता. साइटवर बोलतो तसा.

"दर रविवारी म्हशीची टाकी मी भरून आणतो. बरोबर?"

"आणतोस," आई म्हणाली.

"ही गाडी लिटरला शेहेचाळीस देते. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा नाही हा, मी स्वतः मोजलाय. रिंगरोडवर, रविवारी सकाळी, टाकी फुल टू फुल. आईची फेरी रोजची बावीस किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे आठवड्याला तीन लिटरच्या आत भागायला पाहिजे. गेले दोन महिने मी पावणेपाच ओततोय." तो माझ्याकडे वळला. "जास्तीच्या पेट्रोलमध्ये गाडी ऐंशी किलोमीटर जाते. आठवड्याला ऐंशी! मीटर बंद, त्यामुळे दिसत नाही. पण पेट्रोल खोटं बोलत नाही."

मीटर बंद होतं हे खरं. पुढच्या चाकातला मीटर फिरवणारा दातेरी गिअर झिजला होता आणि कंपनीने ते मॉडेलच बंद केल्यामुळे नवीन मिळत नव्हता.

"म्हणजे खोटं मी बोलते," आई म्हणाली. कात्री चालूच होती.

"तसं नाही गं आई. तुला आठवत नसेल."

माझ्या तळपायाची आग तिथेच मस्तकात गेली. त्याचा आवाज अगदी मऊ होता, आणि म्हणूनच. आईने 'मी कुठेही जात नाही' म्हटलं तर ते विसरण्याचं लक्षण, आणि 'जाते' म्हटलं तर विषयच संपला. तिने काहीही उत्तर दिलं तरी ते त्याच्याच बाजूला पडणार होतं. प्रयोगशाळेत अशी चाचणी कुणी आणली तर आम्ही ती केराच्या टोपलीत टाकतो.

"गाडी जड चालते," आई म्हणाली. "दोन महिने सांगतेय मी. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालते."

"गाडी नाही गं, वय जड झालंय," दादा म्हणाला.

वहिनी जिन्यात उभी होती, ती फिस्सकन हसली आणि आईने वर बघताच गप्प झाली.

दादाने पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं. रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार. सोमवारी स्मृतीच्या विकारांचे डॉक्टर, वेळ घेतलेली. आणि किल्ली त्याच्या खिशात.

"आणि माझे पेशंट?"

"पेशंटचं बघू. आई, उद्या तू सिग्नलवर उभी आहेस आणि कुठे जायचं तेच आठवत नाहीये, असं झालं तर? मी रोज मोडलेल्या गाड्या बघतो. त्यात बसलेली माणसं कुणाची तरी आई-बाबाच असतात."

हे तो मनापासून बोलत होता. ते मला दिसत होतं आणि त्यानेच मला आणखी राग येत होता. माणूस नुसता दुष्ट असता तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून मोकळं तरी होता आलं असतं.

मी म्हटलं, "विकायची तर धुऊन-पुसून दिली पाहिजे. दोन दिवस मी नेते. दे किल्ली."

त्याने दिली. वर म्हणाला, "नीट पॉलिश कर. तुम्हा शास्त्रज्ञांचे हात स्वच्छ असतात."

तो वर गेल्यावर मी आईसमोर बसले आणि तिची फेरी विचारली. तिने कात्री खाली ठेवली.

"लिहून घेणार आहेस?"

"हो. मला तशीच्या तशी फेरी मारायची आहे."

"घे मग. गल्लीतून डावीकडे, बेकरीच्या मागे पहिलं घर. आजोबा, पाठीची जखम, तळहाताएवढी होती, आता नाण्याएवढी राहिलीये. तिथे पाऊण तास. मग शाळेची भिंत धरून वर, चढ आहे, चढाच्या मध्यावर सिग्नल. तो कायम लाल असतो, हिरवा बघितल्याचं मला आठवत नाही." ती थांबली. "हेही लिही. आठवत नाही म्हणाली म्हणून लिही."

"आई."

"लिही गं. पुढे चढ संपला की उजवीकडे, निळं फाटक. मास्तरीणबाई, पाय. त्यांच्याकडे अर्धा तास, बोलायला लागल्या की एक तास. मग खाली नदीकाठच्या वसाहतीत, तीन नंबरची इमारत, लिफ्ट नाही. शिंपी आहे, लघवीची नळी..." ती अशीच सांगत गेली. प्रत्येक वळण, प्रत्येक घर, कुठे गाडी उभी करायची, कुठल्या फाटकापाशी कुत्रं असतं. सहा घरं झाली आणि शेवटी ती घरी परतली. मी सगळं लिहून घेतलं आणि वही मिटली.

"झाली परीक्षा?" तिने विचारलं.

"परीक्षा नाही गं. मी तुझ्या बाजूची आहे."

ती टेबलाकडे वळली. गॉझच्या पट्ट्या डब्यात भरायला लागली.

मी शुक्रवारची आणि शनिवारची रजा टाकली.

गाडीचं ॲव्हरेज सगळेच मोजतात आणि बहुतेक सगळे चुकीचं मोजतात. पंपावर गाडी साइड स्टँडवर कललेली असते. टाकी एका बाजूला खोल, एका बाजूला उथळ. नळीला 'भरलं' वाटतं तेव्हा ते खरंच भरलेलं असतं असं नाही. पुढच्या वेळी तीच गाडी मेन स्टँडवर उभी केली की आधीचा सगळा फरक त्या दिवसाच्या माथी बसतो. दादा स्वतः पंपावर मेन स्टँडवर लावून घेतो हे मला माहीत होतं, म्हणून त्याच्या लिटरवर मी शंका घेतली नाही. माझी शंका त्याच्या शेहेचाळीसवर होती. रविवारी सकाळी रिकाम्या रिंगरोडवर एकाच वेगाने गेलेली गाडी आणि आईची गाडी, यांत यंत्र तेवढं सारखं होतं. बाकी काहीच सारखं नव्हतं.

मी अंगणातल्या सपाट फरशीवर गाडी मेन स्टँडवर घेतली, टाकीच्या तोंडातल्या कड्याच्या खालच्या कडेपर्यंत पेट्रोल भरलं. कॅनमध्ये आणखी पेट्रोल आणि प्रयोगशाळेतलं लिटरचं मोजपात्र तयार ठेवलं. अंतरासाठी माझा फोन. आईचं वजन आणि माझं जवळपास सारखंच आहे. तिच्या दोन्ही पिशव्या मी पायाशी ठेवल्या, भरलेल्या, जशा ती नेते तशाच.

पहिलं घर इतकं जवळ की इंजिनला जाग यायच्या आत पोचले. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं. आणि इथे ते तापायच्या आत बंद करायचं, पाऊण तास थांबायचं, पुन्हा थंड इंजिन सुरू करायचं. आईच्या दिवसभरात हे सहा वेळा होत होतं. मी बेकरीच्या मागच्या त्या घरासमोर कट्ट्यावर बसून राहिले. घरातली सून दारात आली.

"सिस्टरकडून आलात? त्या कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"बऱ्या कशा? तुमच्या भावाचा फोन आला होता परवा. म्हणाले, त्यांचं डोकं... म्हणजे, स्मरणशक्तीचं काहीतरी झालंय. आता त्या येणार नाहीत, दुसरं कुणीतरी बघा." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आम्ही लावली दुसरी बाई. पण आजोबा तिला हातच लावू देत नाहीत. खरं सांगू का? मला तर विश्वासच बसला नाही. गेल्या आठवड्यात सिस्टरनी मला आजोबांच्या सगळ्या गोळ्या न बघता सांगितल्या होत्या."

परवा. म्हणजे मला फोन करायच्या आधी. मला बोलावून सिद्ध करून दाखवायच्या आधी त्याने निकाल वाटूनही टाकला होता.

मी काय बोलले ते मला नीट सांगता येणार नाही. 'बघते' असं काहीतरी म्हणाले असेन. मनात आलं, आत्ता जावं, त्याच्या ऑफिसात, त्या मोडक्या गाड्यांच्या फोटोंमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर त्याला विचारावं की कुठला अधिकार. पण फेरी अर्धवट राहिली असती. मी घड्याळ बघितलं, पाऊण तास पुरा केला आणि गाडी सुरू केली.

चढावरचा सिग्नल लाल होता. चढाच्या मध्यावर गाडी थांबवायची, हिरवा झाला की पूर्ण भार उभा उचलायचा. गाडी खरंच जड होती. मी रेस द्यायची आणि ती अनिच्छेने निघायची. उतारावर रेस सोडली तर तिने आपोआप पळायला हवं, तर ती तिथेही रेंगाळत होती. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. हे शब्द आईचे होते, आणि मी ते ऐकलेले होते, दादाबरोबर, त्याच खोलीत.

निळ्या फाटकापाशी उतरले आणि खाली वाकून मागच्या चाकाच्या मधल्या ड्रमला बोट लावलं. चटका बसला. ब्रेक फार मारले असते तर गोष्ट वेगळी, पण मी मारले नव्हते. मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवून पाहिलं. ते अर्धा वेढा गेलं आणि घासत थांबलं.

दोन महिन्यांपूर्वी आई म्हणाली होती की मागचा ब्रेक जरा लांबून लागतो. दादाने गॅरेजात नेऊन तो घट्ट करून आणला होता. 'आईच्या वयाला घट्टच बरा,' असं तो मला फोनवर म्हणाला होता, आणि मलाही ते पटलं होतं. त्याचा शेहेचाळीसचा आकडा त्याच्या आधीचा. तेव्हापासून ब्रेकची पट्टी ड्रमला चिकटून घासत होती. आई दिवसभर स्वतःच्याच ब्रेकशी झगडत फिरत होती, आणि त्यात जळणारं पेट्रोल दादा रविवारी मोजून तिच्या डोक्याच्या नावावर लिहीत होता.

निळ्या फाटकातल्या मास्तरीणबाईंनाही फोन गेला होता. शिंप्यालाही. सहापैकी चार घरं.

संध्याकाळी अंगणात मोजपात्राने टाकी पुन्हा त्याच कड्यापर्यंत भरली. लिटरला अठ्ठावीस पडले. फेरी बावीस किलोमीटरचीच होती. आठवड्याचा गुणाकार केला तर पावणेपाच लिटर. दादाचे ऐंशी किलोमीटर कुठेही गेलेले नव्हते. ते कधी नव्हतेच.

शनिवारी ब्रेकचा नट चाक मोकळं फिरेल इतका सैल केला, किती वेढे ते लक्षात ठेवलं, आणि तीच फेरी पुन्हा केली. पस्तीस. म्हणजे ब्रेक ठीक असतानाही आईच्या रोजच्या चालवण्यात ही गाडी पस्तीसच देते. शेहेचाळीस ती फक्त दादाला देते, रविवारी. मग मी नट पुन्हा होता तितकाच आवळला. पुरावा होता तसा राहिला पाहिजे असं मला वाटलं.

आई खिडकीतून बघत होती. तिने काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही.

रविवारी गिऱ्हाईक वेळेआधी आलं. जाडजूड, हसरा माणूस, डोक्यावर हेल्मेट तसंच. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर थापटी मारली आणि विचारायचं तेच विचारलं.

"किती देते?"

"शेहेचाळीस," दादा म्हणाला.

"अठ्ठावीस," मी म्हणाले.

"आं?" गिऱ्हाईक म्हणाला. "एकाच गाडीबद्दल बोलताय ना?"

"ही चेष्टा करतेय," दादा म्हणाला. "ए शहाणे, तू आत जा."

"चेष्टा तू केलीस. इकडे ये. फिरव चाक."

"कसलं चाक?"

"मागचं. फिरव म्हणते ना."

त्याने गिऱ्हाइकाकडे बघून खांदे उडवले, खाली बसून चाकाला झटका दिला. घर्र आवाज करत ते थांबलं. त्याने पुन्हा दिला. मोडक्या गाड्या बघणारा माणूस आहे तो, त्याला तिसऱ्यांदा फिरवायची गरज पडली नाही. मी त्याला दोन्ही दिवसांचे आकडे सांगितले. तो ऐकत असताना त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, मग त्याने नेहमीचं केलं, एक फट शोधली.

"ठीक आहे, पण अठ्ठावीस तुझ्या हातून आलेत. आईच्या हातून किती येतील ते..."

"चार घरांना फोन केलेस तू," मी म्हणाले. माझा आवाज गल्लीत जात होता आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. "चार घरांना. तिचं डोकं फिरलंय म्हणून. ब्रेक तू आवळलास, गाडी जड झाली, ती सांगत राहिली आणि तू तिला म्हातारी ठरवलंस! पत्र्याचं ऐकतोस ना तू? मग हे ऐक. हे घासतंय ते ऐक!"

"फिरलंय असं मी म्हणालो नाही. स्मरणशक्ती म्हणालो."

"वा. फारच फरक पडला."

"मी येतो नंतर," गिऱ्हाईक म्हणाला, आणि चालतच गेला, हेल्मेट घालून, येताना कुठल्या गाडीने आला होता ते कुणाला कळलं नाही.

"कुठली चार घरं?"

आई दारात उभी होती. फोनचं तिला माहीत नव्हतं. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दादाने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. मग त्यानेच सांगितलं. बेकरीमागचे आजोबा, मास्तरीणबाई, शिंपी, आणि पुलापलीकडची ती तरुण मुलगी, जिची पाठ आई वर्षभर सांभाळत होती. "तुझ्यासाठीच केलं, आई. त्यांच्याही. उद्या काही चुकलं असतं तर..."

"माझं काय चुकलं?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. वॉर्डात एखादी शिकाऊ मुलगी निर्जंतुक ट्रेला हात लावते तेव्हा हा आवाज येतो असं तिच्या मैत्रिणी सांगायच्या. "एक गोष्ट सांग. एक औषध, एक तारीख, एक घर. एकदा मी चुकलेली."

त्याने पुन्हा चाकाला हात लावला.

"नाही ना? मग मी गाडी जड चालते म्हणाले तेव्हा गाडी का नाही बघितलीस? गाड्या बघण्यावर तुझं पोट आहे. रस्त्यावर कुणाचीही गाडी वाकून बघतोस. आईची तेवढी न बघता आईच बघितलीस."

"चुकलं माझं," दादा म्हणाला. "ब्रेक आत्ता सैल करतो."

"कर. आणि तू." ती माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं, ती माझा हात धरेल. "तुला कधी कळलं, हे फोनचं?"

"शुक्रवारी."

"आज रविवार आहे. हे मला आठवतं. दोन दिवस आजोबांच्या जखमेला परकी बाई हात लावतेय, किंवा कुणीच लावत नाहीये, आणि तू अंगणात पेट्रोल मोजत होतीस."

"आई, आकडा पूर्ण झाल्याशिवाय त्याने ऐकलं नसतं. मी तुझ्यासाठीच..."

"तोही माझ्यासाठीच. तुम्ही दोघंही माझ्यासाठीच." ती पायरी उतरून खाली आली. "गुरुवारी मी तुला अख्खी फेरी सांगितली. सहा घरं, एकेक वळण. तिथे संपलं होतं गं. रस्ता विसरलेली बाई असा रस्ता सांगते का? तू लिहून घेतलंस, वही मिटलीस आणि तरी मोजायला गेलीस. समजा तुझं ते पेट्रोल जुळलं नसतं. दहा किलोमीटरचा हिशेब लागला नसता. मग काय केलं असतंस?"

मी उत्तर शोधलं. खरं उत्तर मला माहीत होतं. दहा किलोमीटरचा हिशेब लागला नसता तर मी मोजमाप तीनदा तपासलं असतं, आणि मग सोमवारी डॉक्टरांकडे तिच्या शेजारी बसले असते. तिचा हात हातात घेऊन, मऊ आवाजात बोलत.

"बघ," आई म्हणाली. "त्याने पेट्रोलला विचारलं, तूही पेट्रोललाच विचारलंस. तुझं उत्तर बरोबर आलं एवढंच. मला कुणीच विचारलं नाही."

दादा पाना घेऊन चाकापाशी बसला होता. त्याचे हात थांबले होते. मला त्याचा अजूनही राग येत होता, आणि आता त्या रागाला एकट्याने उभं राहायला जागा उरली नव्हती.

"उद्याच्या डॉक्टरांना कळव, येत नाही म्हणून," आई त्याला म्हणाली. "कधी गरज वाटली तर मीच सांगेन. चाळीस वर्षं मी लक्षणं ओळखत आलेय, माझीही ओळखीन. आता फोन काढ."

"कशाला?"

"चार घरांना लावलेस ना? चार घरांना लाव. स्पीकरवर. काय म्हणायचं ते तुला कळतं."

"आई, संध्याकाळी सावकाश..."

"आत्ता. हात पुसायची गरज नाही."

त्याने काळ्या झालेल्या बोटांनी फोन काढला. बेकरीमागच्या सुनेने पहिल्याच घंटेला उचलला. दादा म्हणाला, "मी सिस्टरांचा मुलगा. बुधवारी मी जे सांगितलं ते चूक होतं." त्याला पुढचं वाक्य सापडेना. "त्यांना काही झालेलं नाही. चूक माझी होती."

"अगंबाई," पलीकडून आवाज आला. "मग येताहेत का? केव्हा येताहेत?"

"तासाभरात," आई म्हणाली. "दुसऱ्या कुणी पट्टी लावली असेल तर काढू नकोस, मी आल्यावर काढू."

मास्तरीणबाईंनी दादाला चांगलं पाच मिनिटं झापलं. त्याने खाली मान घालून ऐकलं, आणि आईने मध्ये पडायचं नाव काढलं नाही. शिंपी म्हणाला, बरं झालं, नवीन माणूस नळी घालताना गाणं म्हणतो.

चौथ्या घरी मुलीच्या वडिलांनी फोन उचलला. दादाने त्याची वाक्यं म्हटली, आता ती त्याला येत होती. 

"असेल हो," वडील म्हणाले. "पण आम्ही तिला संस्थेत हलवलंय. शुक्रवारीच. तुमचा फोन आल्यावर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? त्या एका सिस्टर होत्या म्हणून तर घरी होती."

दादाने फोन तोंडापासून लांब धरला.  मी आईकडे बघितलं. तिने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "तिला डाव्या कुशीवर झोपवतात का उजव्या?... विचारलं नाहीत? मग विचारा. उजव्या कुशीवर दोन तासांपेक्षा जास्त नाही, तिथली कातडी नवी आहे. आणि तिला दुखलं तरी ती सांगत नाही, नुसती गप्प होते. ती गप्प झाली की बघायचं, हे तिथल्या माणसांना सांगा. संस्थेचा पत्ता द्या मला. नाही, तुम्ही सांगा, मी लक्षात ठेवते."

त्यांनी पत्ता सांगितला. आईने तो एकदा ऐकला, फोन बंद करून दादाला परत दिला.

"पुलाच्या पलीकडे, तिथून आणखी बारा किलोमीटर," ती म्हणाली. "आजोबांकडून तिकडे जाईन. उशीर होईल."

"मी कारने सोडतो," दादा म्हणाला.

"मी येते बरोबर," मी म्हणाले.

"नको."

तिने दोघांनाही एकदमच सांगितलं. मग आत जाऊन पिशव्या घेऊन आली, माझ्यासमोर तळहात पसरला, आणि मी किल्ली त्यावर ठेवली. तिने वाकून मागचं चाक हाताने फिरवलं. ते आवाज न करता फिरत राहिलं. ती ते थांबेपर्यंत बघत उभी राहिली, मग गाडी स्टँडवरून एकटीने ढकलून खाली घेतली. दादा मदतीला पुढे झाला होता, त्याच्यासाठी ती थांबली नाही.